शेवटची ३० मिनिटं

सर्व्हर झोपला की आपण आधी काय उघडतो? लॉग. आणि नेमका हवा तोच भाग ओव्हरराईट झालेला असेल तर? बसा मग डोक्याला हात लावून! एका विमान अपघाताची चौकशी अगदी अशीच अडकली होती.

२५ ऑक्टोबर १९९९. अमेरिकेतला नावाजलेला गोल्फर पेन स्टुअर्ट ऑरलँडोहून डॅलसला निघाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने यूएस ओपन जिंकली होती. विमान छोटंसं, लिअरजेट ३५. दोन वैमानिक, चार प्रवासी. ९:१९ला उड्डाण. ९:२७ला ३९ हजार फुटांवर जायची परवानगी मिळाली आणि वैमानिकाने रेडिओवर नेहमीसारखं उत्तरही दिलं. ९:३३ला कंट्रोलरने पुन्हा हाक मारली... उत्तरच नाही.

विमानाने डॅलसकडे वळायला हवं होतं, पण ते वायव्येला सरळ जात राहिलं. हवाई दलाची एफ-१६ विमानं जवळ जाऊन पाहून आली. बाहेरून सगळं धडधाकट, पण कॉकपिटच्या काचा धूसर झालेल्या. जवळपास चार तासांनी इंधन संपलं आणि विमान साउथ डाकोटातल्या शेतात कोसळलं. सहाही जण गेले.

आता चौकशी. इतक्या उंचीवर केबिनमध्ये दाबाखाली हवा भरत राहावी लागते. ती आत सोडणारा व्हॉल्व्ह अवशेषांत बंद सापडला. तो का बंद होता? पत्ता लागला नाही. ऑक्सिजनच्या बाटलीचा व्हॉल्व्ह मात्र उघडा होता. मग वैमानिकांना ऑक्सिजन का मिळाला नाही? त्याचाही नाही.

कॉकपिटमधला रेकॉर्डर फक्त शेवटची ३० मिनिटं ठेवायचा. त्यात दाब कमी झाल्याचा अलार्म वाजतोय, इंजिनं बंद पडतायत. माणसाचा शब्द नाही. खरी गडबड झाली पहिल्या पाव तासात, आणि तो भाग केव्हाच पुसला गेला होता. पुढे दोन तासांचे रेकॉर्डर आले, पण या केसमध्ये तेही कमीच पडले असते!

नोव्हेंबर २००० मध्ये एनटीएसबी या अमेरिकन तपास संस्थेने निष्कर्ष दिला: दाब गेल्यावर ऑक्सिजन न मिळाल्याने वैमानिक निकामी झाले, कारण ठरवता आलं नाही.

मला हे शेवटचे चार शब्द फार आवडतात. आपल्याकडे आरसीएचा रकाना रिकामा ठेवायची सोय नसते. काहीच सापडलं नाही की 'ह्यूमन एरर' लिहून तिकीट बंद. इथे तर दोन्ही वैमानिक मेलेले, उलट बोलायला कुणी नव्हतं. तरीही पुराव्याशिवाय त्यांच्या नावावर बिल फाडलं नाही.

आणि कारण सापडलं नाही म्हणून हात झटकले असंही नाही. दाबाचा अलार्म वाजला की आधी मास्क, मग डीबगिंग, हे चेकलिस्टमध्ये स्पष्ट असावं अशी शिफारस त्यांनी केली. कारण त्या उंचीवर हवा गेली की जे डोकं बग शोधणार, तेच आधी बंद पडतं.