विमानात पंचपक्वान्नं मिळत असताना बिझनेस क्लासचे प्रवासी आधीच लाउंजमध्ये का जेवतात?

मंडळी, बिझनेस क्लासचं तिकीट म्हणजे लाखाच्या घरातली गोष्ट. त्यात विमानात काचेच्या प्लेटमधून, पांढऱ्याशुभ्र कापडावर मांडलेलं चार कोर्सचं जेवण मिळतं. तरीही रात्रीच्या विमानाने नेहमी जाणारे अनेक जण ते जेवण चक्क नाकारतात. विमानतळावरच्या लाउंजमध्ये पोटभर जेवून घेतात आणि विमानात शिरल्यावर थेट पांघरूण ओढतात. असं का? यामागे साधं वेळेचं गणित आहे आणि थोडं शरीरशास्त्रही.

लाउंज आलं कुठून?

विमानतळावरचं पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू केलं. नाव होतं 'ॲडमिरल्स क्लब'. सुरुवातीला तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश होता, पैसे भरून सभासद होण्याची सोय नंतर आली. त्यानंतर अनेक वर्षं लाउंज म्हणजे मऊ खुर्ची, वर्तमानपत्र, चहा-कॉफी आणि पेयपान इतकंच समीकरण होतं.

चित्र बदललं ते सीटमुळे. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली आणि हळूहळू सगळ्या मोठ्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. आता प्रवासी जेवणापेक्षा झोपेसाठी जास्त पैसे मोजू लागला. पलंग दिला, पण झोपायला वेळच मिळाला नाही तर काय उपयोग? म्हणून काही कंपन्यांनी रात्रीचं जेवण जमिनीवरच उरकण्याची सोय केली. युनायटेड एअरलाइन्सने २०१६ च्या डिसेंबरमध्ये शिकागोत पहिलं 'पोलारिस' लाउंज उघडलं, तेव्हा त्यात ऑर्डर देऊन टेबलावर बसून जेवण्याचं रेस्टॉरंटच होतं.

न्यूयॉर्क ते लंडनचं गणित

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क-लंडन. अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे गेट ते गेट प्रवास सुमारे ७ तासांत होतो. न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघालं की लंडनमध्ये सकाळचे ८ वाजलेले असतात. शरीराच्या घड्याळात मात्र तेव्हा पहाटेचे ३ च असतात!

आता हे ७ तास कसे जातात बघा. धावपट्टीवर जाऊन उड्डाण व्हायला अर्धा तास. मग जेवणाची ट्रॉली येऊन ताटं उचलली जाईपर्यंत दोन तास सहज जातात. उतरण्याच्या सव्वा ते दीड तास आधी दिवे लागतात आणि नाश्ता सुरू होतो. झोपेला उरतात जेमतेम तीन तास. लाउंजमध्ये जेवून आलात आणि नाश्ताही नको म्हणालात, तर हेच तीन तास पाचावर जातात. लंडनला उतरून थेट मीटिंगला जाणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

चवीचाही मुद्दा आहे

विमानात स्वयंपाक होत नाही. काही तास आधी जमिनीवर तयार करून थंड केलेलं अन्न वर ओव्हनमध्ये गरम केलं जातं. त्यात आपली जीभही साथ देत नाही. केबिनमधला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखा असतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे वास कमी कळतो. लुफ्तान्सासाठी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या चाचण्यांत दिसलं, की वर मिठाची चव २० ते ३० टक्के आणि साखरेची १५ ते २० टक्के कमी जाणवते. म्हणून तोच पदार्थ लाउंजमध्ये चविष्ट आणि विमानात फिका लागतो.

काय खावं, काय टाळावं?

वर गेल्यावर दाब कमी होतो आणि पोटातला वायू साधारण ३० टक्के फुगतो. म्हणजे लाउंजच्या बुफेमध्ये छोले, राजमा आणि वर सोडा असा बेत केलात, तर रात्रभर पोट गच्च. वरण-भात, इडली, सूप, दही-भात, भाजलेले मासे किंवा चिकन असं हलकं खाल्लेलं बरं. झोपायच्या निदान दोन तास आधी जेवण संपलं तर उत्तम. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारून घ्याव्यात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारू. लाउंजमध्ये ती बहुतेक वेळा मोफत असते आणि 'झोप चांगली लागेल' म्हणून दोन पेग घेतले जातात. जर्मन एरोस्पेस सेंटरच्या संशोधकांनी ४८ निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विमानासारख्या कमी दाबात दारू पिऊन चार तास झोपलेल्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या घरात गेले. तरुणांची ही गत, तर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी हा मोह टाळलेलाच बरा.

मुंबईहून निघताना

आपल्याकडे युरोप आणि आखातात जाणारी बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटेच्या दरम्यान निघतात. पुण्याहून येणाऱ्यांची तर जेवणाची वेळ एक्सप्रेस वेवरच जाते. रात्री २ ला निघालेल्या विमानात ३ वाजता जेवण्यापेक्षा ११ च्या सुमारास लाउंजमध्ये जेवणं केव्हाही चांगलं. दुबई किंवा दोहाचं विमान असेल तर प्रवासच तीन-साडेतीन तासांचा, तिथे तर हाच एक मार्ग आहे. याउलट मुंबई-न्यूयॉर्क हा १५-१६ तासांचा प्रवास. त्यात जेवूनही भरपूर झोप होते, तिथे ही घाई करायची गरज नाही.

काही गोष्टी लक्षात ठेवा:

- मुंबईत बऱ्याच परदेशी कंपन्यांचं स्वतःचं लाउंज नाही, त्या सामाईक लाउंज वापरतात. तिथे क्रेडिट कार्डवाल्यांचीही गर्दी असते. गरम पदार्थ ऑर्डर देऊन करून मिळतात का, ते आत शिरताच विचारा.
- अनेक लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नाही. मोबाइलवर बोर्डिंगच्या वेळेचा अलार्म लावा.
- शाकाहारी असाल तर तिकीट काढताना 'हिंदू मील' निवडू नका, त्यात सहसा मांसाहार असतो. 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन मील' निवडा आणि हे निदान २४ तास आधी कळवा.
- विमानात बसताच 'मला जेवणासाठी उठवू नका' असं सांगा आणि सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून लावा. नाहीतर तो बघायला तुम्हाला उठवलं जाईल.

आणि मंडळी, हे गणित फक्त बिझनेस क्लासपुरतं नाही. इकॉनॉमीच्या प्रवाशाने घरून थालीपीठ किंवा दशम्या आणून गेटजवळ बसून खाल्ल्या आणि विमानात डोळे मिटले, तरी ते दोन तास त्याचेच! पुढच्या वेळी रात्रीच्या विमानाने जाणारं कुणी ओळखीचं असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.