वाचा नसलेल्यांची वर्णमाला

आपली वर्णमाला हा मुखाचा नकाशा आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरून जातो. कंठातून 'क'वर्ग, टाळूवरून 'च'वर्ग, मूर्धेवरून 'ट'वर्ग, दातांपाशी 'त'वर्ग आणि ओठांवर 'प'वर्ग. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये रचणाऱ्यांनी जीभ कुठे टेकते, श्वास कुठे अडतो हे बारकाईने पाहून ही मांडणी केली. पण ज्याचे मुखच त्याचे ऐकत नाही, अशा माणसाला या नकाशाचा काय उपयोग?

सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुले, मेंदूच्या झटक्याने वाचा गेलेली माणसे यांच्यापैकी अनेकांना समोरचे बोलणे पूर्ण समजते. उत्तरही मनात तयार असते. जीभ आणि हात मात्र हुकमात नसतात. कित्येकांच्या बाबतीत मान तेवढी थोडीफार ताब्यात असते. म्हणून मग डोक्याला काठी बांधण्याची युक्ती निघाली. आयर्लंडचा ख्रिस्तोफर नोलन (१९६५-२००९) कपाळावर बांधलेल्या अशाच काठीने टंकलेखन यंत्राची एकेक कळ दाबत असे, आणि त्याची आई त्या वेळी त्याचे डोके धरून ठेवी. त्याचे पहिले पुस्तक १९८१ साली आले. १९८७ साली 'अंडर द आय ऑफ द क्लॉक' या पुस्तकाला व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी घेतली, लंडनला उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'वन लिट्ल फिंगर'! ज्यांना तेवढे एक बोटही साथ देत नाही, त्यांच्यासाठी कपाळावरचा प्रकाश आहे.

लेसरचा शोध १९६० सालचा. पुढे अर्धवाहकाचे छोटे लेसर स्वस्त झाले आणि सभेत तक्ता दाखवणाऱ्याच्या हातात लाल ठिपका आला. तोच पॉइंटर हेडबॅण्डला किंवा टोपीला बसवला की काठीचे काम होते. शिवाय फलकाला टेकावे लागत नाही, मान खाली घालावी लागत नाही, आणि फलक भिंतीवरही टांगता येतो.

मात्र स्वस्त वस्तू घेताना डोळ्यांचा विचार आधी हवा. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ साली १२२ पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. त्यांतले हिरवे जवळजवळ ९० टक्के आणि लाल सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. म्हणजे डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबता येत नाही. वर्ग २ चा, १ मिलीवॅटपेक्षा कमी शक्तीचा, भरवशाच्या विक्रेत्याकडचा लाल पॉइंटर घ्यावा. हिरवा टाळावा. प्रखर प्रकाश दिसताच पापणी मिटते, या गृहीतावर वर्ग २ ची सुरक्षितता उभी आहे. समोर बसलेल्या मुलाला चटकन पापणी मिटता किंवा मान वळवता येत नसेल, तर हा आधारच सुटतो. अशा वर्गात लेसर नकोच. अरुंद झोताची छोटी एलईडी विजेरी बरी. ठिपका थोडा पसरट पडतो, तेव्हा अक्षरे मोठी काढायची.

आणखी दोन गोष्टी. बहुतेक पॉइंटर कळ दाबून धरली तरच पेटतात, म्हणून चालू-बंद करण्याचे बटण असलेला शोधावा. आणि तो हलका असावा, कारण तासाभराने मानेला त्याचे ओझे वाटू लागते. खरेदीपूर्वी व्यवसायोपचार तज्ज्ञाला एकदा दाखवणे शहाणपणाचे.

आता नकाशाकडे परत येऊ. ठिपक्याला हवा असतो चौकोनांचा फलक, आणि आपली वर्गीय व्यंजने म्हणजे पाच गुणिले पाचचा तयार चौकोन! वर स्वरांची ओळ, खाली 'य' ते 'ळ'. ठिपका 'क'वर, मग 'इ'वर गेला की 'कि' वाचायचे, म्हणजे काना-मात्रांचे वेगळे चौकोन लागत नाहीत. पाठ केलेला क्रम असल्याने अक्षर शोधावे लागत नाही. मुखाची जागा सांगणारी मांडणी अशी मानेच्या कामी येते. खर्च काय, तर एक पुठ्ठा आणि एक जाड पेन.

पण आपल्या गोव्यात एक पेच आहे. कितीतरी घरांत वाचन मराठीत, बोलणे कोकणीत आणि शाळा इंग्रजीत. फलकावर कोणती भाषा लिहायची? माझ्या मते, मूल ज्या भाषेत हट्ट करते ती आधी. 'हवे' आणि 'नको' हे शब्द त्याने घरात ऐकलेलेच नसतील, तर तिथे 'जाय' आणि 'नाका' लिहावे. पेज, नुस्ते, आवय ही त्याची गरज आहे. प्रमाण भाषा मागाहून येईल, अक्षरांचा फलक तर दोन्हींना एकच. भाषावादात आपण गोवेकरांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादात ज्याला तोंडच उघडता आले नाही, त्याची भाषा कोणती, हे त्यालाच विचारू या.

आणि विचारल्यावर थांबू या. एका वाक्याला पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या अक्षरावरच आपण शब्द पुरा करून टाकतो आणि ते त्याचे बोलणे राहत नाही, आपले होते. पॉइंटर बाजारात विकत मिळतो. ही पाच मिनिटे मात्र घरच्यांनीच द्यायची असतात.