चौकटीचे महत्त्व

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की कळस, गाभारा व मूर्ती यांविषयी सर्वांसच आस्था असते. चौकटीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जिच्याखालून मान लववून आपण देवापुढे जातो, तिच्याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत असे वाटले.

चौकट हा शब्द आपल्या बोलण्यात कितीतरी ठिकाणी येतो. दाराची चौकट, तसबिरीची चौकट, पत्त्यांतील चौकट. एवढेच काय, रीत सोडून वागणाऱ्याने चौकट मोडली असेही आपण म्हणतो. आत काय घ्यावयाचे आणि बाहेर काय ठेवावयाचे हे ठरविणे, हेच दाराच्या व तसबिरीच्या चौकटीचे काम.

घर बांधताना चौकट उभी करावयाच्या दिवशी आपण तिची पूजा करतो. भिंती चढण्यापूर्वीच घराला तोंड मिळते ते या दिवशी. खाली उंबरा, दोन बाजूंस उभे खांब आणि वर गणेशपट्टी. जुन्या दगडी मंदिरांत हीच रचना अधिक खुलते. दोन्ही बाजूंच्या कोरीव पट्ट्यांस द्वारशाखा म्हणतात, मध्यभागी वर ललाटबिंब असते, तर उंबऱ्यावर कीर्तिमुख. ललाटबिंबावर कोणती देवता आहे, शाखा किती आहेत, यांवरून जाणकार मंदिराचा संप्रदाय व काळ यांचा अंदाज बांधतात. अशी चौकट काढून टाकली किंवा तिच्यावर ऑइलपेंटचे थर चढविले, म्हणजे इतिहासाचे एक पानच फाडल्यासारखे होते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या करवीरातच आहे. श्रीअंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख. दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात व एकामागून एक दारे ओलांडून देवीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग मध्यभाग आणि अखेर मुखकमल उजळते, अशी किरणोत्सवाची ख्याती आहे. दगडी मंदिरापुढे पुढील काळात लाकडी गरुडमंडप जोडला गेला, तरी किरणांची वाट मोकळी राहिली. नवे काम करावे ते असे! परंतु मंदिराबाहेर किरणांच्या मार्गात इमारती उंच झाल्या आणि काही वर्षी किरण देवीपर्यंत पुरते पोहोचलेच नाहीत. मंदिराचा एक दगडही न हलविता चौकट बुजू शकते, हे यावरून ध्यानी येईल.

दुसरी चौकट छायाचित्राची. तिच्यातही कोल्हापूर मागे नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० साली मेस्त्री आडनावाच्या कारागीर घराण्यात झाला. ते व त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. चलच्चित्रांचा ध्यास घेऊन दोघांनी स्वतःच कॅमेरा तयार करावयाचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी काम तडीस नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रकाशात आणला. हाताने दांडी फिरवून फितीवर एकेक चौकट टिपावयाची, असे ते काम. दुर्दैव हे की, त्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. टिपलेले जतन केले नाही तर न टिपल्यासारखेच होते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. देवळापुढे काढलेला आजोबांचा एक फोटो होता. तसबिरीत नीट बसावा म्हणून त्याच्या कडा कापल्या गेल्या. आजोबा राहिले, पण मागील देऊळ गेले! त्या वेळी कोणास त्याचे काही वाटले नाही. आज तो कापलेला दोन बोटांचा तुकडा मोलाचा वाटतो.

आपली राजारामपुरी छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाची, रेषा आखून, गल्ल्यांना क्रमांक देऊन वसविलेली. येथे हजार वर्षांचे शिलालेख नाहीत. लग्नामुंजीच्या, उत्सवांच्या फोटोंत मागे जे ओटे, दारे, पार दिसतात, तोच आपला शिलालेख. म्हणून देणगीदार व ग्रामस्थ बंधुभगिनींस विनंती की, ज्यांच्या घरी असे जुने फोटो असतील त्यांनी ते न कापता एकदा दाखवावेत. नक्कल करून परत करता येतील. तसेच यापुढे कोणतीही जुनी चौकट काढण्यापूर्वी तिची मापे घ्यावीत, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढावा व मागे तारीख लिहावी. काढलेले लाकूड सरपणात न घालता मंदिरातच ठेवावे.

पैशाने नवी चौकट बसते. जुनी पुन्हा घडत नाही. उद्या नातवंडांनी येथे पूर्वी काय होते असे विचारले, तर त्यांना दाखवावयास आपल्याजवळ काही असावे, एवढीच देवाचरणी प्रार्थना.