तोफेचें लहान रूप

खेळण्यांतील तोफ प्रथम जन्मली ती उडविण्यासाठीं; हुबेहूब दिसणें हा गुण तिच्या अंगीं पुष्कळ उशिरां आला. इ. स. १८९९ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध पेटलें, तेव्हां इंग्रज सैन्यास लांब पल्ल्याच्या तोफांची वाण पडली. 'टेरिबल' या युद्धनौकेचा कप्तान पर्सी स्कॉट यानें आरमारी ४.७ इंची तोफांना जमिनीवर चालणारे गाडे करून दिले, आणि बैलांच्या लांबच लांब रांगांनीं त्या माळरानांतून ओढून नेल्या. १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतणाऱ्या लंडनच्या 'ब्रिटन' कारखान्यानें पुढें याच तोफेचें खेळणें काढलें. त्यांत स्प्रिंग असे, आणि आंत घातलेली लाकडाची कांडी समोरच्या शिपायास खरोखरच लोळवी. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकांत घरांतल्या फरशीवरील लढाईचे नियम सांगितले, ते याच तोफेच्या भरंवशावर. नेम साधला म्हणजे झालें; चाकाला आरे किती, हें कोण मोजतो? पुढच्याच वर्षीं खरें महायुद्ध सुरू झालें.

दुसऱ्या महायुद्धानें हा न्याय उलटा केला. दिसणारें विमान आपलें कीं परक्याचें, हें क्षणांत ओळखतां आलें नाहीं तर आपलाच गोळा आपल्याच माणसावर पडावयाचा. म्हणून १९४२ मध्यें अमेरिकेंत शाळकरी मुलांकडून पांच लक्ष प्रतिकृति विमानें करून मागविण्यांत आलीं, आणि तीं सारीं १:७२ या एकाच प्रमाणांत. रणगाडे व लष्करी मोटारी ओळखण्यासाठींहि १:१०८ प्रमाणाच्या धातूच्या प्रतिकृति ओतल्या गेल्या. खेळण्याचा आकार चुकणें म्हणजे कोणाचा तरी जीव जाणें, अशी वेळ तेव्हां आली होती. युद्धोत्तर छंदानें काटेकोरपणाचा हा वारसा उचलला, मात्र त्यामागची भीति तेवढी गळून पडली.

पुढें प्लॅस्टिक आलें. इंग्लंडांत 'एअरफिक्स'नें १:७६ हें प्रमाण धरलें. तेथील खेळण्यांतल्या आगगाड्यांत एका फुटास चार मिलिमीटर धरण्याचा प्रघात होता, त्याशीं तें जुळतें. जपानांत शिझुओका येथील 'टामिया', जी मूळची लाकडाची वखार, तिनें १:३५ रूढ केलें. या आंकड्यामागें कांहीं शास्त्र असेल असें वाटतें. पण तसें कांहीं नाहीं. त्यांच्या पहिल्या 'पँथर' रणगाड्याच्या पोटांत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो मोठा केला, आणि मागाहून मोजतां प्रमाण तेवढें भरलें! आज जगभर कारखाने त्याच मापानें चालतात.

आतां एक तोफ घेऊं: इंग्रजांची २५ पौंडी. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर, पल्ला सुमारें १२ किलोमीटर, वजन सुमारें १,८०० किलोग्रॅम. १:७६ मध्यें नळीचें तोंड जेमतेम एका मिलिमीटरहून किंचित् मोठें होतें. वजनाचा हिशेब अधिक मौजेचा आहे. लांबी ७६ पट घटली कीं घनफळ ७६ च्या घनानें, म्हणजे सुमारें चार लक्ष एकोणचाळीस हजार पटींनीं, घटतें. तेव्हां ती अजस्र तोफ चार ग्रॅमची होते. ढालीचा पत्रा मुळांतच कांहीं मिलिमीटर जाड. त्या प्रमाणांत तो कागदाइतकाहि राहत नाहीं, आणि इतकें पातळ प्लॅस्टिक सांच्यांतून निघत नाहीं. चोखंदळ कारागीर म्हणूनच ती ढाल फेकून पितळेच्या तलम पत्र्याची नवी कापतो.

पण खरी कसोटी ढालींत नाहीं. रणगाडा एकटा उभा केला तरी पुरा असतो. ओढावयाची तोफ एकटी ठेवली कीं अपुरी. २५ पौंडीपुढें 'क्वाड' ही उतरत्या पाठीची, भुंग्यासारखी दिसणारी मोटार असे. दोहोंमध्यें ३२ गोळ्यांची दुचाकी पेटी. आणि सहा गोलंदाज. एअरफिक्सनें हीं तिन्ही वाहनें एकाच खोक्यांत दिलीं, हें फार शहाणपणाचें केलें. प्रवासांत तोफेखालीं एक गोल तबकडी टांगलेली असे. मुक्कामीं ती भुईवर टाकून तोफ तीवर चढवीत, मग एक माणूसहि तोफ चोहोंकडे फिरवूं शके. प्रतिकृति करणाऱ्यानें तबकडी वर ठेवावयाची कीं खालीं, हें ठरविलें कीं त्यानें युद्धांतला एक क्षण निवडला.

असे क्षण पुष्कळ. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्रीं एल् अलामीन येथें सुमारें नऊशें तोफा एकदम सुटल्या, त्यांत बहुसंख्य याच जातीच्या. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्या आठव्या भारतीय डिव्हिजनच्या पाठीशींहि याच तोफा होत्या.

या तोफेंत गोळा आधीं व दारूचें पितळी काडतूस मागाहून, असें वेगळें भरावें लागे. दर बारानंतर रिकामें पितळ मागें पडे. चांगला कारागीर ही रासहि सोडीत नाहीं. पितळेची तार बारीक कापून, प्रत्येक तुकड्याचें तोंड सुईनें पोखरून, तो ती तोफेमागें रचतो. खोक्यांतल्या गोलंदाजांचे चेहरे मात्र तांदुळाच्या दाण्याहून लहान; त्यांवर श्रम रंगवितां येत नाहींत. ते त्या पितळेच्या राशीवरूनच समजून घ्यावे लागतात.