दहा जणांचा सण : मराठी ज्यूंच्या उत्सवपरंपरेचा मागोवा

भाद्रपद जवळ आला की आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : नागपूर, पुणे, भोपाळला शिकणारी मुले गणपतीला येणार का? कॉलेजची सुट्टी आणि घरचा सण यांचा मेळ बसत नाही. मराठी बोलणारा एक चिमुकला समाज हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आला आहे. तो म्हणजे कोकणातील बेने इस्राएल, अर्थात मराठी ज्यू. त्यांचा इतिहास आम्हांला म्हणूनच जवळचा वाटतो.

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागनजीक नवगावपाशी फुटले आणि वाचलेली कुटुंबे तेथेच वसली. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे पडली. सणांनाही मराठी नावे मिळाली. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’. बिरड्याच्या उसळीवरून ओळखला जाणारा ‘बिरड्याचा सण’. एलियाहू प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे, फळे यांचा ‘मलिदा’ आजही होतो.

पण त्यांचा सण एकट्याने साजरा होणे कठीण. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. वल्हांडणाच्या सणात तर रोजची पोळीही वर्ज्य. कणीक भिजवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून झालेली बिनखमिराची भाकरच चालते. हा सण बहुधा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे ऐन परीक्षांच्या हंगामात येतो. वसतिगृहाच्या खानावळीत हे सारे एकट्या विद्यार्थ्याने कसे सांभाळावे?

या समाजाने त्यासाठी वेळोवेळी संस्था उभ्या केल्या. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत लुगडे नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकर करताना दिसतात! १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी शाळा काढली. तेथे मुले हिब्रूही शिकू लागली. १८८० पासून बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. घरातली परंपरा अशी शाळेत आणि छापखान्यात पोहोचली.

साता समुद्रापलीकडेही हीच गरज भासली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९२३ साली ज्यू विद्यार्थ्यांसाठी ‘हिलेल’ ही संस्था निघाली. पुढे अनेक विद्यापीठांत तिच्या शाखा झाल्या. घरापासून दूर असलेल्या मुलांना सणाचे जेवण, प्रार्थना आणि सोबत मिळू लागली. मुलगा घरी येऊ शकत नसेल, तर सणानेच त्याच्याकडे जावे, असा हा साधा विचार आहे.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. भारतात आज थोडे हजारच उरले आहेत. तरी इस्राएलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. देश बदलला, पण भाषा सोडली नाही.

आपली गोष्ट उलटी आहे. आपण जागचे हललो नाही, सीमाच हलल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी, शाळेत हिंदी. मराठी उरली ती घरात, पोळ्यात आणि आरतीत. आरतीच्या वेळी मुलेच नसतील, तर ती पुढे कोण म्हणणार?

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. ज्या शहरांत आपली मुले शिकतात, तेथे त्यांनीच एकत्र येऊन एका संध्याकाळची आरती करावी. मोदक आणि आरतीची पुस्तके मंडळाने पाठवावीत. लोकमान्यांनी १८९३ साली देवघरातला गणपती चौकात आणला. आता तो वसतिगृहापर्यंत नेऊ या. आरंभाला दहा जण पुरेत.

गणपती बाप्पा मोरया!