रीमा जुफाली : बंदी उठली, स्टिअरिंग हाती आलं आणि जेद्दाची मुलगी फॉर्म्युला कारमध्ये बसली

२४ जून २०१८ हा दिवस सौदी अरेबियाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. त्या दिवसापासून तिथल्या महिलांना स्वतः गाडी चालवण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत महिलांच्या ड्रायव्हिंगवर बंदी असलेला तो जगातला एकमेव देश उरला होता. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ऑक्टोबर २०१८ मध्ये, एक सौदी तरुणी अबुधाबीच्या यास मरीना सर्किटवर शर्यतीत उतरली. पुढच्या एप्रिलमध्ये ती इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला-४ स्पर्धेच्या स्टार्टिंग ग्रिडवर उभी होती. तिचं नाव रीमा जुफाली.

रीमाची ओळख करून देताना 'पहिली सौदी महिला' हे शब्द हमखास येतात. ते खरेही आहेत. पण तेवढ्यावर थांबलं, तर तिच्या प्रवासातली खरी अडचण लक्षात येत नाही. ती अडचण होती वयाची. या खेळाची सुरुवात आठ-दहाव्या वर्षी होते आणि रीमाने पहिली शर्यत केली तेव्हा ती २६ वर्षांची होती.

जेद्दा ते बोस्टन

रीमाचा जन्म १८ जानेवारी १९९२ रोजी जेद्दा शहरात झाला. शालेय शिक्षण तिथेच झालं. लहानपणापासून तिला गाड्यांचं वेड होतं, पण गाडीत मागच्या सीटवर बसणं एवढाच त्या वेळी सौदीतल्या मुलीचा गाडीशी संबंध. उच्च शिक्षणासाठी ती अमेरिकेत बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात गेली आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी या विषयात पदवी घेतली. ड्रायव्हिंग लायसन्स तिला मिळालं तेही अमेरिकेतच. म्हणजे परदेशात ती बिनधास्त गाडी चालवू शकत होती आणि सुट्टीत घरी आली की पुन्हा ड्रायव्हरवर अवलंबून!

बंदी एका दिवसात उठली नाही

महिलांना ड्रायव्हिंगची परवानगी देणारा शाही आदेश २६ सप्टेंबर २०१७ रोजी निघाला आणि जून २०१८ मध्ये तो लागू झाला. पण या मागणीची सुरुवात बरीच आधीची. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ महिलांनी रस्त्यावर गाड्या काढून बंदीचा निषेध केला होता. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. २०११ मध्ये मनाल अल-शरीफ यांनी गाडी चालवतानाचा आपला व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि त्यांना अटक झाली. विशेष म्हणजे बंदी उठायला काही आठवडे उरले असताना, मे २०१८ मध्ये, हीच मागणी लावून धरणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांच्यासह अनेक महिला कार्यकर्त्यांना ताब्यात घेण्यात आलं. लुजैन यांची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली.

रीमाची गोष्ट सांगताना हा भाग वगळून चालणार नाही. ज्या रस्त्यावर ती पुढे वेगाने धावली, तो मोकळा व्हावा म्हणून आधी बऱ्याच जणींनी त्रास सोसला होता.

फॉर्म्युला कार म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मोटर रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन आठवतं. पण तिथे थेट कुणी पोहोचत नाही. खाली एक मोठी शिडी आहे. पहिली पायरी गो-कार्टिंगची. मुलं साधारण सात-आठ वर्षांची असताना तिथे सुरुवात करतात. वयाची पंधरा वर्षं पूर्ण झाली की फॉर्म्युला-४ मध्ये उतरता येतं. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाने, म्हणजे 'एफआयए'ने, ही श्रेणी २०१४ मध्ये सुरू केली. त्यानंतर प्रादेशिक फॉर्म्युला-३, मग आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला-३, फॉर्म्युला-२ आणि सर्वात वर फॉर्म्युला वन. फॉर्म्युला वनसाठी 'सुपर लायसन्स' लागतं. त्यासाठी तीन मोसमांत ४० गुण जमवावे लागतात. हे गुण खालच्या स्पर्धांमधल्या क्रमांकावरून मिळतात.

या गाड्यांना 'सिंगल-सीटर' म्हणतात, कारण त्यात एकच माणूस बसतो. चाकं उघडी, छप्पर नाही आणि चालक जवळजवळ आडवा बसलेला. २०१९ च्या ब्रिटिश फॉर्म्युला-४ मधल्या कारला १.६ लिटरचं फोर्ड टर्बो इंजिन होतं आणि ताकद सुमारे १६० हॉर्सपॉवर. आपल्या रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकच्या तुलनेत ताकद जवळपास दुप्पट आणि वजन मात्र बरंच कमी. वेगाने वळण घेताना मानेवर आणि खांद्यांवर प्रचंड ताण येतो. त्यामुळे चालकाला व्यायामशाळेत मानेचे खास व्यायाम करावे लागतात.

पेहरावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. आगीपासून बचाव करणारा अंगभर सूट, हातमोजे, डोकं आणि मान झाकणारा बालाक्लाव्हा आणि त्यावर हेल्मेट. पुरुष असो की स्त्री, नियम सगळ्यांना सारखाच. शर्यतही एकत्रच होते, महिलांसाठी वेगळी वेळ किंवा सवलत नसते.

२७ वर्षांची नवखी, १५ वर्षांचे स्पर्धक

यास मरीनावर रीमाने सुरुवात केली ती 'टीआरडी ८६ कप' या स्पर्धेत. त्या छप्पर असलेल्या टोयोटा कार. सिंगल-सीटरकडे वळल्यावर तिने ब्रिटिश फॉर्म्युला-४ ची वाट धरली. एप्रिल २०१९ मध्ये ब्रँड्स हॅच सर्किटवर 'डबल आर रेसिंग' संघाकडून ती उतरली. ही स्पर्धा युरोपातल्या अवघड फॉर्म्युला-४ स्पर्धांपैकी एक समजली जाते.

इथे वयाचा फरक किती होता ते बघा. त्या मोसमाचा विजेता ठरला बार्बाडोसचा झेन मॅलोनी. मोसम सुरू झाला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. रीमा २७ वर्षांची. पण अनुभवात तोच मोठा, कारण लहानपणापासून कार्टिंग करत तो इथवर आला होता. ब्रेक नेमका कधी दाबायचा, पुढच्याच्या किती जवळ जायचं, ओल्या ट्रॅकवर टायर कधी घसरणार, हे सगळं अशा मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. जणू मातृभाषाच. रीमाला मात्र ती भाषा मोठेपणी, व्याकरण शिकत शिकत बोलावी लागली.

म्हणूनच निकालाच्या यादीत रीमा वर दिसत नाही याचं आश्चर्य वाटायला नको. सिंगल-सीटरमध्ये ती सातत्याने जिंकणारी चालक नव्हती, हे स्पष्टच सांगायला हवं. पण तिची प्रगती थांबली नाही. २०२१ मध्ये तिने एक पायरी वर चढून 'डग्लस मोटरस्पोर्ट' संघातर्फे ब्रिटिश फॉर्म्युला-३ मध्ये भाग घेतला. याच स्पर्धेचं नाव त्या वर्षी ऑगस्टमध्ये बदलून 'जीबी३' झालं. गाडी आणखी ताकदवान, ब्रेकिंग आणखी अवघड आणि चुकीला जागा आणखी कमी.

मायदेशातली पहिली शर्यत

दरम्यान, नोव्हेंबर २०१९ मध्ये रियाधजवळच्या दिरियाह इथे फॉर्म्युला-ई स्पर्धेसोबत 'जॅग्वार आय-पेस ई-ट्रॉफी' ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत झाली. रीमा त्यात पाहुणी चालक म्हणून उतरली. सौदीच्या भूमीवर आंतरराष्ट्रीय शर्यतीत भाग घेणारी ती पहिली सौदी महिला ठरली. दीड वर्षापूर्वी याच देशात तिला साधी कार घेऊन बाजारात जाता येत नव्हतं!

डिसेंबर २०२१ मध्ये जेद्दाच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या सर्किटवर पहिली सौदी अरेबियन ग्रांप्री झाली. रीमा तिची अ‍ॅम्बेसेडर होती. त्या काळात जगभरातून एक टीकाही झाली आणि अजूनही होते : मानवी हक्कांचे प्रश्न झाकण्यासाठी सौदी सरकार खेळाचा वापर करतं. ही टीका निराधार नाही. वर उल्लेख केलेल्या अटका त्याला पुरेसा आधार देतात. पण त्यामुळे ट्रॅकवर उतरलेल्या मुलीची मेहनत खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

स्वतःचा संघ : 'थीबा'

फॉर्म्युला-३ नंतर रीमाने वाट बदलली. तिशीत पोहोचलेल्या चालकाला फॉर्म्युला वनची शिडी चढणं जवळपास अशक्य असतं. २०२२ मध्ये तिने 'थीबा मोटरस्पोर्ट' हा स्वतःचा संघ उभा केला. अरबीत थीबा म्हणजे मादी लांडगा. या संघाने मर्सिडीज-एएमजी जीटी३ गाडी घेऊन 'इंटरनॅशनल जीटी ओपन' स्पर्धेत भाग घेतला. जीटी शर्यतीत एकच गाडी दोन किंवा अधिक चालक आळीपाळीने चालवतात. तिथे पन्नाशीचे चालकही दिसतात, त्यामुळे उशिरा सुरुवात केलेल्याला शिकायला वेळ मिळतो.

पण संघ काढण्यामागचा हेतू फक्त स्वतःची करिअर वाढवण्याचा नव्हता. सौदीतल्या तरुण चालकांना, इंजिनिअरना आणि मेकॅनिकना या क्षेत्रात शिरकाव मिळावा, हाही उद्देश होता. कारण शर्यतीत एक चालक दिसतो, त्यामागे राबणारे हात मात्र अनेक असतात.

शेजारची उदाहरणं : अल कुबैसी भगिनी

लवकर सुरुवात केली तर काय होतं, याचं उत्तर शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत सापडतं. अबुधाबीच्या आमना आणि हमदा अल कुबैसी या बहिणी. वडील खालिद हे स्वतः रेसर. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत भाग घेणारे ते पहिले अमिराती. मुली शाळेत असतानाच कार्टिंग करू लागल्या. आमना २०१८ मध्ये नामवंत 'प्रेमा' संघातर्फे इटालियन फॉर्म्युला-४ मध्ये उतरली. धाकटी हमदा २०२१ मध्ये त्याच स्पर्धेत पोडियमवर उभी राहिली. २०२३ मध्ये मुलींसाठीची 'एफ१ अकॅडमी' स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच मोसमात दोघींनी शर्यती जिंकल्या आणि हमदा एकूण क्रमवारीत तिसरी आली. २०२४ मध्ये तिची गाडी रेड बुलच्या रंगात धावली.

म्हणजे संधी, पाठिंबा आणि वेळ या तिन्ही गोष्टी मिळाल्या, तर अरब मुली नुसत्या भागच घेत नाहीत, जिंकतातही.

पैसा हा मोठा अडथळा

अर्थात या खेळात गुणवत्तेइतकाच पैसा लागतो. फॉर्म्युला-४ च्या एका मोसमाचा खर्च कोटींच्या घरात जातो. 'एफ१ अकॅडमी'च्या पहिल्या वर्षी फॉर्म्युला वनने प्रत्येक गाडीमागे दीड लाख युरो दिले आणि तेवढीच रक्कम चालकाला उभी करायची होती. आधीची महिलांची 'डब्ल्यू सीरिज' स्पर्धा तर २०२२ मध्ये पैशांअभावी अर्ध्यावर बंद पडली. तिची तिन्ही विजेतेपदं ब्रिटनच्या जेमी चॅडविकने मिळवली, पण फॉर्म्युला वनचं दार तिच्यासाठीही उघडलं नाही. हीच जेमी २०१९ मध्ये चेन्नईत एमआरएफ चॅलेंज जिंकणारी पहिली महिला ठरली होती.

फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी महिला आजवर एकच, इटलीची लेला लोम्बार्डी. तेही १९७५ मध्ये, अर्धा गुण. ग्रांप्रीसाठी पात्रता फेरीत उतरलेली शेवटची महिला जिओव्हाना अमाती, १९९२ मध्ये, म्हणजे रीमाच्या जन्माच्या वर्षी. त्यामुळे हा प्रश्न फक्त अरब किंवा मुस्लिम समाजाचा आहे, असं समजण्याचं कारण नाही. ज्या देशांत महिला शंभर वर्षांपासून गाडी चालवतात, तिथल्या मुलीही त्या ग्रिडपासून अजून दूरच आहेत.

आपल्या देशातही काही मुली या वाटेवर आहेत. केरळच्या सल्वा मर्जानने फॉर्म्युला-४ पर्यंत मजल मारली आहे.

पुन्हा जेद्दा, आणि पुढची मुलगी

मार्च २०२४ मध्ये 'एफ१ अकॅडमी' जेद्दात आली. रमजान सुरू होणार असल्यामुळे त्या आठवड्यातली ग्रांप्री रविवारऐवजी शनिवारी ठेवण्यात आली होती. रीमाला वाइल्ड कार्ड प्रवेश मिळाला आणि ३२ व्या वर्षी ती आपल्या जन्मगावात पुन्हा सिंगल-सीटरमध्ये बसली. आजूबाजूच्या बहुतेक मुली तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होत्या.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच सर्किटवर वाइल्ड कार्डची संधी मिळाली ती फरह अल-यूसुफ या दुसऱ्या सौदी तरुणीला. ही बातमी रीमाच्या कुठल्याही निकालापेक्षा महत्त्वाची म्हणावी लागेल. २०१८ मध्ये जी मुलगी आठ वर्षांची होती, ती आता फॉर्म्युला-४ च्या वयात आली आहे. बंदी काय असते ते तिला फारसं आठवतही नसेल. तिला वेळेवर कार्टिंग ट्रॅक, प्रशिक्षक आणि घरच्यांची साथ मिळाली का, यावर पुढचं सगळं ठरणार आहे.