सीआरएम, मुक्तस्रोत : स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवरील उभारणी

ग्राहकांची नावे, त्यांच्याशी झालेले बोलणे, दिलेले भाव आणि राहिलेला पाठपुरावा एका जागी ठेवणारी संगणक प्रणाली म्हणजे सीआरएम. तिचा मूळ कोड सर्वांना खुला असला आणि ती एखाद्या कंपनीच्या भाड्याच्या खात्यावर न चालता आपल्याच ताब्यातल्या सर्व्हरवर चालत असली, तर तिला स्व-आस्थापित मुक्तस्रोत सीआरएम म्हणतात. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते सर्व्हरला आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला. हा दुसरा खर्च बहुतेक जण धरायचे विसरतात.

अशी प्रणाली कुठे लागते, ते एका गावावरून पाहू. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत (ता. निफाड) हे कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचे गाव. देशातल्या टोमॅटोच्या मोठ्या बाजारांत त्याची गणना होते आणि तिथला भाव वीस किलोच्या क्रेटवर बोलला जातो. माल उत्तरेकडे जातो, द्राक्षे आणि कांदा परदेशीही जातात. एवढ्या पसाऱ्यातली ग्राहकांची नोंद मात्र पुष्कळदा एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये असते, तीही ‘कानपूर टोमॅटो’, ‘कानपूर नवीन’, ‘कानपूर २’ अशा नावांनी. तो माणूस नोकरी सोडून गेला की यादीही गेली. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली, पण ४० टक्के शुल्क लावून. अशा दिवशी कोणत्या खरेदीदाराला काय भाव कबूल केला होता आणि कोणाला आधी फोन करायचा, हे तासाभरात हाती लागावे लागते. सीआरएमचा उपयोग तिथे आहे. रंगीत आलेख ही नंतरची गोष्ट.

या जातीच्या सॉफ्टवेअरचा इतिहास थोडा भांडणाचा आहे. अमेरिकेत २००४ मध्ये शुगरसीआरएम मुक्तस्रोत म्हणून निघाले. त्याच वर्षी त्याच्या कोडवरून चेन्नईत व्हीटायगर वेगळे झाले. पुढे शुगरसीआरएमने खुल्या आवृत्तीतून हळूहळू अंग काढून घेतले, तेव्हा २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्सअ‍ॅजिलिटीने तोच कोड उचलून स्वीटसीआरएम सुरू केले. मालकाने वाट बदलली तरी कोड हाताशी राहतो, हा मुक्तस्रोताचा खरा फायदा या प्रकरणात दिसतो. फुकटपणा हा त्यातला छोटा भाग.

महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईचे आहे. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी ईआरपी बसवण्याच्या खटपटीतून स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि २००८ मध्ये कंपनी काढली. तीच आजची फ्रॅपे टेक्नॉलॉजीज. तिचे ईआरपीनेक्स्ट हिशेब, साठा, विक्री असा सगळा कारभार पाहते. फ्रॅपे सीआरएम हे त्याच पायावरचे हलके, फक्त ग्राहकांपुरते सॉफ्टवेअर. खाली त्याचीच रीत दिली आहे. स्वीटसीआरएम बसवायचे तर अपाचे, मारियाडीबी आणि पीएचपी हे त्रिकूट लागते, उरलेली उभारणी ब्राउझरमधूनच होते आणि शेवटी ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनची एक ओळ घालावी लागते.

सर्व्हर कुठे ठेवायचा, हा पहिला प्रश्न. खळ्यावरच्या ऑफिसात जुना संगणक ठेवून काम भागेल असे वाटते. पण वीज जाते, आणि साध्या ब्रॉडबँडला बाहेरून पोहोचता येईल असा स्थिर पत्ता बहुधा मिळत नाही. म्हणून मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला भाड्याचा आभासी सर्व्हर बरा. मेमरी चार जीबी असावी. त्यावर उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी, २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील. डोमेन नाव आधीच त्या सर्व्हरकडे वळवून ठेवावे, नाहीतर पुढे सुरक्षा-प्रमाणपत्र मिळताना काम अडते.

मग रूट नसलेला वेगळा वापरकर्ता तयार करायचा, पासवर्डऐवजी एसएसएच किल्लीने प्रवेश ठेवायचा आणि फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच दारे (पोर्ट) उघडायची. डेटाबेसचे ३३०६ बाहेरच्या जगाला कधीच उघडू नये. त्यानंतर मारियाडीबी, रेडिस, पायथन आणि नोड. हे झाले की ‘बेंच’ हे फ्रॅपेचे साधन बसते आणि खरे काम तेच करते: आधी फ्रॅपेची पायाभूत चौकट उतरवून घेते, मग नवी साइट बनवते, सीआरएमचे अ‍ॅप आणते आणि साइटवर चढवते. चारही आज्ञा मिळून पानभरसुद्धा होत नाहीत.

इथे एक नेहमीची चूक होते. ‘बेंच स्टार्ट’ म्हटले की ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सीआरएम दिसू लागते आणि काम झाले असे वाटते. ती फक्त चाचणीची अवस्था असते. टर्मिनलची खिडकी बंद केली की सीआरएमही बंद. रोजच्या वापरासाठी ‘प्रॉडक्शन’ची आज्ञा द्यावी लागते. मग पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा राहतो आणि मागच्या प्रक्रिया सुपरवायजर जिवंत ठेवतो. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र त्यानंतर घ्यायचे. त्याची मुदत थोडी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होते ना, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

देवनागरीचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. डेटाबेस जुन्या लॅटिन-१ अक्षरसंचावर राहिला तर ‘निफाड’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. त्यासाठी मारियाडीबीच्या मांडणीत यूटीएफ८एमबी४ आधीच लिहून ठेवायचे. नावे भरल्यावर ही दुरुस्ती करणे जिकिरीचे असते. दुसरी अडचण पीडीएफची. पडद्यावर मराठी झकास दिसते, पण दरपत्रक छापायला घेतले की अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कारण पीडीएफ सर्व्हरवर तयार होते आणि तिथे मराठी फाँटच नसतो. लोहित देवनागरीचे पॅकेज बसवले की हे संपते.

जुनी यादी आत घेताना सर्वांत जास्त वेळ जातो. एकच व्यापारी तीन नावांनी असतो; एका ठिकाणी नंबरापुढे शून्य, दुसऱ्या ठिकाणी +९१. नावावरून जुळवण्यापेक्षा शेवटच्या दहा आकड्यांवरून जुळवावे. हे काम एक्सेलमध्ये, आधीच उरकावे.

बॅकअपविषयी दोन गोष्टी. बेंच दर सहा तासांनी प्रत काढण्याची सोय करून देते, पण ती प्रत त्याच सर्व्हरवर पडते. डिस्क गेली तर दोन्ही गेले; म्हणून रोज एक प्रत दुसऱ्या जागी गेलीच पाहिजे. दुसरी गोष्ट साइटच्या कॉन्फिग फाइलमधल्या सांकेतिक किल्लीची. ती नसेल तर प्रत परत चढवली तरी साठवलेले ईमेलचे पासवर्ड उलगडत नाहीत. परत चढवलेल्या साइटवर वेळच्या वेळी कामे चालवणारा शेड्यूलरही तपासावा. तो बंद असला तर पडद्यावर सारे ठीक दिसते आणि ईमेल रांगेत पडून राहतात.

ईमेल आणि एसएमएसचे आणखी वेगळे त्रांगडे आहे. अनेक क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात, तेव्हा ईमेल सेवेचे खाते जोडावे लागते. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी लागते: पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा, दोन्ही आधी मंजूर हवेत. सॉफ्टवेअर कितीही नीट बसवले तरी या नोंदणीवाचून ग्राहकाला एसएमएस जात नाही. फोनसाठी एक्झोटेल किंवा ट्विलिओ जोडता येते.

आपला सर्व्हर म्हणजे जबाबदारीही आपली. सायबर घटना घडल्यास सहा तासांत कळवावे आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, सर्ट-इनचे, एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. ग्राहकांची व्यक्तिगत माहिती जपण्याबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. फ्रॅपे सीआरएम आणि स्वीटसीआरएम दोन्ही एजीपीएल परवान्याखाली येतात. त्यात बदल करून ते इतरांना नेटवरून वापरायला दिले, तर बदललेला कोडही त्यांना द्यावा लागतो.

द्राक्ष निर्यातदाराने उभारणीसाठी जून-जुलै निवडावा. खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबर छाटणीला अवकाश असतो आणि जानेवारीत माल निघेपर्यंत माणसांचा हात बसतो. टोमॅटोच्या व्यापाऱ्याने मात्र ऑगस्टची आवक सुरू होण्याआधी काम संपवावे, आणि नवी आवृत्ती ऐन हंगामात चढवू नये. चढवायचीच असेल तर त्याच बेंचवर चाचणीची वेगळी साइट काढून तिथे आधी करून पाहावे.